गाव का सोडलं? तक्त्यात उत्तरं सातच होती

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच महिने वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

फेब्रुवारी २०११ मध्ये मला जनगणनेचं काम लागलं होतं. मी शिक्षिका, त्यामुळे सुटका नव्हती. माझ्या वाट्याला गोव्यात फोंड्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीमागच्या खोल्या आल्या. एका भाटात (बागायतीत) भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, ओळीने बांधलेल्या बारा खोल्या, वर पत्रे, सगळ्यांना मिळून दोन संडास. सकाळी साडेसहाला गेलं तरच माणसं सापडत. सातला टेम्पो येऊन सेंट्रिंगवाल्यांना घेऊन जायचा.

शेवटच्या खोलीतला माणूस गदगच्या बाजूचा. दाराच्या खिळ्याला आरसा लावून दाढी करत होता. मी विचारलं, गाव का सोडलं? त्याने हात थांबवला आणि कानडीमिश्रित हिंदीत सांगायला लागला. दोन वर्षं पाऊस नाही. बोअर मारली ती कोरडी गेली, कर्ज तेवढं उरलं. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि घरात खोल्या दोनच. बायकोचा भाऊ इथे आधीपासून एका मेस्ताच्या (मिस्त्रीच्या) हाताखाली होता, त्याने निरोप पाठवला. शिवाय मुलीची शाळा सातवीपर्यंतच, पुढे बस नाही. बोलता बोलता गालावरचा साबण वाळला.

माझ्या तक्त्यात या प्रश्नाला सात उत्तरं होती. काम किंवा नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले, इतर. एकच आकडा लिहायचा. मी १ लिहिला. त्याच्या बायकोपुढे ६, म्हणजे ‘कुटुंबासोबत’. ती त्याच टेम्पोतून त्याच साइटवर घमेली उचलायला जात होती.

रात्री घरी आमचा स्वतःचा तक्ता भरायला बसले. माझं माहेर कुडाळजवळ, म्हणजे माझ्यापुढे ४, लग्न. लिहिलं आणि हसू आलं. स्थळं दोन सांगून आली होती, एक आमच्याच तालुक्यातलं, एक फोंड्याचं. आईने फोंड्याच्या लोकांना एकच प्रश्न विचारला होता, ‘नळ घरात आहे की वाडीत?’ आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तळाला गेलेल्या विहिरीतून दोन दोन कळशा डोक्यावर आणाव्या लागत. मी लग्नासाठी आले हे खरंच, पण गोव्यात आले ती नळासाठी.

तर प्रश्न असा: तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात का गेलं? देशातल्या देशातलं बोलू. पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी जाण्यावर इथे आधीच भरपूर भांडून झालंय.

संशयात्मा

छान धागा. थोडे आकडे, म्हणजे हवेत बोलणं नको.

२०११ च्या गणनेत स्थलांतरित म्हणून मोजलेले लोक सुमारे ४५ कोटी. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायका, आणि कारणांत सगळ्यात वर लग्न. काम-नोकरीसाठी गेलेले जेमतेम दहा टक्के. आता गंमत बघा, यातली बहुतेक हालचाल राज्यातल्या राज्यात. दुसऱ्या राज्यात गेलेले साधारण साडेपाच कोटीच.

गोव्याला मात्र हे माप लागू पडत नाही. गडचिरोलीचा मुलगा हजारेक किलोमीटर तोडून मुंबईला गेला तर तो ‘राज्यांतर्गत’. आरोंद्याची मुलगी तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे केरीला नांदायला गेली तर ती ‘आंतरराज्यीय’. माहेरच्या देवळाची घंटा तिला सासरी ऐकू येत असेल!

तिळारीकाठ

मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळाचा नाय, म्हणून मराठीत.

संशयात्मा, तुमच्या ४५ कोटींत मी नाही. मी दोडामार्ग तालुक्यातला, बारा वर्षं वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. पहाटे पावणेपाचला घरातून बाहेर, बांद्यापर्यंत दुचाकी, तिथून कंपनीची बस. पत्रादेवीला गोवा सुरू होतो तेव्हा अर्धी बस घोरत असते. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून निदान तिथली रखडपट्टी संपली. संध्याकाळी उलट. झोपायला महाराष्ट्रात, जागायला गोव्यात. मग मी स्थलांतरित की नाही?

आमच्या घराचा हिशेब असा आहे. आजोबा लालबागला गिरणीत. पगारवाढीसाठी १९८२ चा संप झाला आणि त्यात गिरणीच गेली. दोन-अडीच लाख गिरणी कामगारांतले ते एक. दीड वर्ष वाट बघून गावाला परत आले, सोबत एक ट्रंक आणि खोकला. वडिलांनी मुंबई बघितलीच नाही, ते डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा. मधे पुन्हा सुरू झाल्या तर २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. ट्रकच्या हौद्यात माझ्या बहिणीने मिरच्या लावल्या होत्या, खोटं नाही सांगत. आणि आता मी. तीन पिढ्यांत नोकरी एकदाही गावात आली नाही, आम्हीच तिच्या मागे.

वेर्ण्यातच खोली का घेत नाही असं सगळे विचारतात. खोलीचं भाडं आणि खानावळ काढली की हातात उरतं ते गावातल्या मजुरीएवढं. शिवाय काजूची बाग आहे, आई एकटी आहे. आणि गणपतीला रजा मागण्यापेक्षा गणपतीच्या घरातच राहिलेलं बरं.

माडावरचा

धागा चांगला आहे, पण मला यात एक खोट दिसते. तुम्ही सगळे गरिबांबद्दल बोलताय.

मी बार्देशातला. आमच्या वाड्यावर गेल्या दहा वर्षांत सोळा घरांपैकी पाच विकली गेली. घेणारे दिल्ली, मुंबई, बंगळूर. त्यातले दोघे वर्षातून पंधरा दिवस येतात, एक लॅपटॉप घेऊन कायमचा आलाय. त्यांना कोणी विचारतं का, ‘का आलात?’ भाड्याच्या खोलीतल्या मजुराला पोलिसांचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म, फोटो, आधार. बंगल्यात येणाऱ्याला ‘वेलकम टू गोवा’.

आणि त्यांच्यामुळे जो हलतो तो आमचा मुलगा. माझ्या पुतण्याला स्वतःच्या गावात तीन खोल्यांचा फ्लॅट परवडत नाही, तो आता डिचोली तालुक्यात बघतोय. तिथे गेला की तिथलेही म्हणणार, भायलो आयलो (बाहेरचा आला).

२०११ मध्ये आमची लोकसंख्या साडेचौदा लाख. एवढ्याशा राज्यात थोडे लोक आले तरी भाषा, बाजार, शाळा, सगळं हलतं. भीती वाटते ती उगीच नाही. घाटी लोक येतात याबद्दल माझी... [संपादित]

संपादक

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य अर्ध्यावर तोडलं आहे. मुद्दा राहू दिला आहे. कोणत्याही मुलखाच्या लोकांना उद्देशून हिणवणारे शब्द इथे चालत नाहीत.

घाटमाथा

तो ‘घाटी’ मीच, हात वर करतो. :)

वडील १९६४ मध्ये कोल्हापूरकडून गोव्यात प्राथमिक शिक्षक म्हणून आले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार गावोगाव मराठी शाळा उघडत होतं आणि तेवढे शिक्षक इथे नव्हते. आधी वर्ग भरे देवळाच्या चौकात, नंतर एका गोठ्यात. गुरं बाहेर काढली की पोरं आत. गावाने त्यांना जागा दिली, दूध दिलं, आजारपणात पेज करून घातली. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर १९६७ चा जनमत कौल आला तेव्हा त्याच गावात निम्मे लोक त्यांच्याशी बोलेनात, कारण मास्तर महाराष्ट्राचा म्हणजे विलीनीकरणवाला! विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं पडली. वडिलांनी हे आकडे पाठ केले होते. म्हणायचे, ‘एवढ्या लोकांना मी नको होतो आणि एवढ्यांना हवा होतो, आणि मला कोणीच विचारलं नव्हतं.’

माडावरचा, तुमची भीती मला कळते. माझा जन्म इथला, तरी सरकारी नोकरीच्या वेळी पंधरा वर्षांच्या निवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेपा घालताना मलाही पोटात गोळा आला होता. पण संविधानाच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क दिलाय, तो तुमच्या पुतण्यालाही आहे आणि गदगच्या त्या दाढीवाल्यालाही.

माडावरचा

शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. हक्क सगळ्यांना सारखा असेल, जमीन सारखी नाही.

जुनी ट्रंक

भायलो आयलो यावरून. मुंबईत एके काळी आम्ही भायले होतो, हे आमच्या लोकांना आठवत नाही.

माझे मामा मुंबईत धोबीतलावला कुडीत राहायचे. नव्या मंडळींसाठी: कूड म्हणजे गोव्यातल्या एका गावच्या ख्रिस्ती लोकांनी मुंबईत चालवलेली सामायिक राहण्याची जागा. गावागावाची वेगळी. बोटीवर कामाला जाणारे तारवटी, आचारी, वाजंत्री, जहाज मिळेपर्यंत तिथे थांबायचे. माणसाला खोली नाही, ट्रंकेपुरती जागा. ट्रंकांची भिंत आणि समोर अंथरूण. संध्याकाळी आल्तारापुढे (वेदीपुढे) रोझरीच्या प्रार्थनेला हजर राहायचं. मामा म्हणायचे, मुंबईचा पत्ता त्यांना गाव सोडायच्या आधीपासून पाठ होता, कारण आजोबांच्या पत्रांवर तोच असायचा.

हिंदूंचंही वेगळं नव्हतं. गिरगावात गोवेकरांच्या खानावळी, दुकानं, आणि १९१९ पासून गोवा हिंदु असोसिएशन. पोर्तुगीज गोव्यात शेत आणि भाट सोडलं तर काम होतं कुठे? शिकलेला असो की अडाणी, नजर मुंबईकडे. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, मंगेशीचे दीनानाथ, नावातच गाव घेऊन बाहेर पडलेली माणसं. गाव सुटलं म्हणून तर आडनावात राहिलं.

अंत्रुजी

ट्रंकेचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. इथे देवसुद्धा भायले आहेत हो.

मंगेश मूळ कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीची, आता कवळ्याला. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला. (तिळारीकाठ, तुमची कंपनी म्हाळसेच्या माहेरी आहे.) पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या सासष्टीत देवळं पाडली जात होती, अंत्रुज (आजचा फोंडा) तेव्हा आदिलशाहीत, म्हणून नदीच्या अलीकडे जीव वाचला. माणसं काही देवाबरोबर इथे आली, काही कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत गेली. मजल मोठी नव्हती, होडीतून पलीकडे, पण राज्य बदललं.

ओसरीताई, देवांना कुठला आकडा दिला असता? ७, इतर?

ओसरी

अंत्रुजी, ‘कुटुंबासोबत आले’. ६. :)

सोमेश्वराच्या पायथ्याशी

७ च्या बाबतीत माझा हक्क पहिला. मी कुर्डीची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगे तालुक्यात साळावली धरण झालं आणि आमचं गाव बुडालं. सहाशेहून जास्त कुटुंबं उठली, वाडे आणि वालकिणी या गावांत बसवली. मी तेव्हा नऊ वर्षांची. मला आठवतं ते असं की बाबांनी दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली. दार नव्हे, चौकट. नवीन घराला ती बसलीच नाही, अजून मागच्या पडवीत उभी आहे.

लोक विचारतात, ‘तुम्ही वाड्याला कधी आलात?’ आम्ही कुठे आलो, पाणी आलं. बाकी सगळ्यांच्या गोष्टीत कोणीतरी निर्णय घेतलाय, बरा-वाईट. आमच्यात निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि धरणाचा फायदा दक्षिण गोव्याच्या नळांना झाला. (ओसरीताई, तुमच्या नळावर रागावले नाहीये.)

मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ, वाटा, पायऱ्या, चिखलाने मढलेले माडांचे बुंधे. हिंदू देवळाच्या उत्सवाला जमतात, ख्रिस्ती चॅपेलच्या फेस्ताला. आई दर वर्षी आमच्या घराच्या जोत्यावर बसून डबा खाते. घामाने भिजते, पण सावलीत ये म्हटलं तर येत नाही.

पानवेल

(वाचतेय. कुर्डीच्या प्रतिसादावर काही लिहिता येत नाहीये.)

अर्धवट मास्तर

अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

रॅव्हेनस्टाइन नावाच्या गृहस्थाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक लोक जवळच जातात. मोठ्या शहराकडे जाणारे टप्प्याटप्प्याने जातात. जवळच्या हालचालीत बायका पुरुषांपेक्षा पुढे. आणि प्रत्येक ओघाला उलटा ओघ असतो. संशयात्मांचे आकडे त्याला दाखवले असते तर तो म्हणाला असता, सांगितलं होतं ना? पुढे १९६६ मध्ये एव्हरेट लीने यात भर घातली. इथली ढकल, तिथली ओढ, आणि मधले अडथळे. तुमच्या पंधरा वर्षांच्या दाखल्यासारखे.

मला सगळ्यात पटतं ते १९७० चं हॅरिस-टोडारो. माणूस शहरातला पगार बघून जात नाही, पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता बघून जातो. म्हणून शहरात बेकारी दिसत असूनही लोक येतच राहतात. मटक्यासारखं नाही, पण अगदी वेगळंही नाही.

तिळारीकाठ

सर, तो गुणाकार माझ्या आजोबांनी केला असता तर लालबागला गेलेच नसते. ते गेले कारण शेजारचा चुलता ज्या खात्यात होता तिथे बदली कामगार हवा होता. चुलत्याने सांगितलं, ये. शक्यता बिक्यता नाही.

अर्धवट मास्तर

मान्य. पण चुलता म्हणजेच शक्यता. ज्याचा चुलता गिरणीत त्याची शक्यता जास्त, एवढंच मी गणितात म्हणतोय.

ओसरी

इथे मला बोलू द्या, कारण धागा काढताना जे नीट सांगता आलं नाही ते तुमच्या दोघांच्या भांडणात सापडलं.

त्या बारा खोल्यांत मी एकूण एकेचाळीस माणसं मोजली. वहीच्या मागे माझ्यासाठी एक यादी केली होती, कोण कोणाकडे आलं. बहुतेक सगळे तीनच माणसांना धरून आलेले. एक तो मेस्ताच्या हाताखालचा मेहुणा, एक मुकादम, आणि एक बाई जी आधी एका घरी धुणीभांडी करत होती आणि तिने गावाकडच्या चौघींना कामं लावून दिली. पाऊस तर अख्ख्या तालुक्यात पडला नव्हता, कर्ज सगळ्यांना होतं. मग त्याच तालुक्यातले काही पुण्याला का गेले, काही बंगळूरला, आणि काही गेलेच का नाहीत? दुष्काळाने गाव सोडायला लावलं असेल, पण फोंडा दुष्काळाने नाही दाखवला, मेहुण्याने दाखवला. ‘का आलात’ बरोबर ‘कोणाकडे आलात’ हा रकाना हवा होता. जुनी ट्रंक यांच्या घरची पत्रं, तिळारीकाठांच्या आजोबांचा चुलता, सगळं त्यातच जाईल.

कुर्डी मात्र कुठेच बसत नाही. तिथे हाक मारणारं कोणी नव्हतं, फक्त ढकल. सोमेश्वरताई, त्या चौकटीचा फोटो असेल तर टाका ना.

जेटीवरचा हिशेबनीस

ओसरीताईंना दुजोरा. मालिमच्या जेटीवर एका ट्रॉलर मालकाचे हिशेब बघतो. आमच्या पात्रांवला (मालकाला) एक माणूस लागत नाही, टोळी लागते. तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) आपल्या गावचे दहा-बारा खलाशी आणतो, ओडिशा, झारखंड, काही उत्तर कर्नाटकचे. उचल तांडेलाच्या हातात. एक आजारी पडला तर त्याच गावचा दुसरा येतो, कपडे पहिल्याचेच घालतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा हे लोक गावी भात लावायला जातात, ऑगस्टमध्ये येतात. मग यांचं घर कुठलं? दहा महिने बोट, दोन महिने शेत. २०२० मध्ये टाळेबंदीत काही जण बोटीतच अडकले, नंतर करमळी-मडगावहून श्रमिक गाड्या सुटल्या तशा गेले. हंगाम उघडला तेव्हा खलाशी नव्हते, बोटी जेटीला बांधलेल्या, आणि बाजारात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव ऐकून तेच लोक ओरडत होते जे एरवी ‘भायल्यांना घालवा’ म्हणतात. माडावरचा, तुम्हाला नाही म्हणत, सर्वसाधारण.

माडावरचा

म्हणालात तरी चालेल. त्या ऑगस्टमध्ये मीही ओरडलो होतो.

पण हिशेबनीस, एक विचारतो. स्थानिक मुलं बोटीवर का येत नाहीत? आमच्या गावात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी घरं होती. त्यांची मुलं आज क्रूझवर आहेत, नाहीतर आखातात.

जेटीवरचा हिशेबनीस

तुम्हीच उत्तर दिलंत की. त्यांनाही क्रूझवर कोणा तरी मामानेच चढवलं असणार.

घाटमाथा

धाग्यावरून एक आठवण. वडील निवृत्त झाल्यावर कोल्हापूरकडच्या गावी परत जायचं म्हणून हट्ट धरून बसले. घर डागडुजी केलं, गेले. चार महिन्यांत परत. का, तर ‘तिथे कोणाला नुस्त्याची (माशांची) कडी करता येत नाही.’ आई म्हणाली, आयुष्यभर मटणाच्या रश्श्यासाठी रडलात ते? रॅव्हेनस्टाइनचा उलटा ओघ असा चार महिन्यांत आटला.

सोमेश्वराच्या पायथ्याशी

ओसरीताई, फोटो संध्याकाळी टाकते, आता पडवीत अंधार आहे. एक कोपरा वाळवीने खाल्लाय.

तिळारीकाठ

फोटोची वाट बघतो. तोपर्यंत जरा अवांतर, संपादकांची माफी मागून. भाच्याचं आयटीआय झालंय, फिटर. पुढच्या महिन्यात आमच्याच कंपनीत लागतोय, मी साहेबांशी बोललोय. पण त्याची रात्रपाळी आहे, माझ्यासारखी रोजची ये-जा जमायची नाही. वेर्णे, नागवा, कुठ्ठाळी भागात कोणाच्या ओळखीत खोली आहे का? एकटाच आहे, शांत आहे, भाडं बेताचं हवं.

जुनी ट्रंक

नागव्याला माझ्या मावसभावाच्या घरामागे एक खोली रिकामी आहे. संडास बाहेर, पण पाणी चोवीस तास. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.